कोड लिहिता लिहिता वाजवणारा वादक नेमके काय करत असतो?

तुमचा प्रश्न असा आहे. मोठ्या पडद्यावर कोड दाखवत, तो श्रोत्यांसमोरच लिहीत आणि बदलत संगीत सादर करणारा कलाकार खरोखर काही वाजवत असतो, की आधी घरी तयार केलेले संगीत फक्त सुरू करून देत असतो? याला वादन म्हणावे का? आणि तुमच्यासारख्या, कीबोर्ड बऱ्यापैकी वाजवणाऱ्या व पायथनमध्ये थोडेफार लिहिणाऱ्या माणसाला हे शिकायचे झाल्यास सुरुवात कुठून करावी? लाइव्ह कोडिंग या नावाने ओळखली जाणारी ही कला मी पंधराएक वर्षे सादर करत आणि शिकवत आले आहे. माझे उत्तर असे की तो कलाकार वाजवतच असतो, मात्र त्याच्या हाताखाली सुटा स्वर नसतो, तर स्वर कसे यावेत हे ठरवणारा नियम असतो, आणि तो नियम चालू असतानाच बदलण्यात त्याचे सगळे कौशल्य पणाला लागते. हे पटावे म्हणून आधी आत काय घडते ते सांगते.

कीबोर्डवर बोटाचा आणि स्वराचा संबंध थेट असतो. पट्टी दाबली की स्वर येतो, बोट उचलले की तो विरतो, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले तर शांतता होते. लाइव्ह कोडिंगमध्ये हात मांडीवर ठेवले तरी संगीत चालूच राहते, कारण लिहिलेला प्रत्येक तुकडा एक अखंड चालणारी प्रक्रिया सुरू करून देतो. एरवी प्रोग्राम लिहिताना आपण तो चालवतो, थांबवतो, दुरुस्त करतो आणि पुन्हा चालवतो. येथे थांबवण्याची पायरी गाळलेली असते. वाजणाऱ्या प्रक्रियेची व्याख्या ती वाजत असतानाच बदलायची असते, आणि हे शक्य व्हावे म्हणून या साधनांची रचना मुळापासून वेगळी करावी लागली.

त्या रचनेचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे सुपरकोलायडर, ध्वनी घडवण्यासाठीची एक प्रोग्रामिंग व्यवस्था. जेम्स मॅकार्टनी यांनी ते १९९६ मध्ये प्रसिद्ध केले, २००२ मध्ये त्याचा स्रोत सर्वांसाठी खुला झाला, आणि आजही लाइव्ह कोडिंगची कितीतरी साधने प्रत्यक्ष आवाज निर्माण करण्याचे काम त्याच्याकडेच सोपवतात. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीपासून भाषा आणि ध्वनी निर्माण करणारा सर्व्हर हे दोन स्वतंत्र प्रोग्राम झाले, आणि ते ओपन साउंड कंट्रोल नावाच्या संदेशपद्धतीने एकमेकांशी बोलू लागले. मंचावरच्या माणसासाठी या विभागणीचा अर्थ फार मोठा आहे. मी एखादा कंस बंद करायला विसरले, तर भाषा तक्रार करते, पडद्याच्या तळाशी चूक दाखवणारा संदेश उमटतो, पण सर्व्हर आधीच्या सूचनांप्रमाणे शांतपणे वाजत राहतो. म्हणजे व्याकरणाची चूक श्रोत्यांना दिसते, ऐकू मात्र येत नाही. नवशिक्यांना सर्वांत जास्त धास्ती याच चुकीची असते आणि तिच्यापासून सर्वांत कमी हानी होते. खरी धोक्याची चूक वेगळीच आहे, तिच्याकडे मी पुढे येईन.

दुसरा मुद्दा वेळेचा. संगणकाला अर्धा सेकंद थांबायला सांगितले तर तो अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त थांबतो, कारण मधल्या सूचना पार पाडण्यातही वेळ जातो. हा फरक एका ठोक्याला जाणवत नाही, पण तो साचत जातो आणि काही मिनिटांत दोन ठेके एकमेकांपासून घसरतात. सॅम ॲरन यांनी केंब्रिज विद्यापीठात २०१२ मध्ये, रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर मुलांना संगीतातून प्रोग्रामिंग शिकवता यावे म्हणून सोनिक पाय तयार केले. त्यात थांबण्याची सूचना भिंतीवरच्या घड्याळाऐवजी एका आभासी काळाशी बांधलेली असते, आणि प्रत्येक आवाज थोड्या पुढच्या वेळेचा शिक्का मारून सर्व्हरकडे धाडला जातो. कोड क्षणभर उशिरा चालला तरी आवाज आपल्या जागीच पडतो. याची किंमत म्हणून कळ दाबणे आणि आवाज येणे यांत एक लहानसे, ठरावीक अंतर राहते. म्हणून लाइव्ह कोडर कळ दाबून ठोका मारू पाहत नाही. ठोका अगोदरच ठरलेला असतो. वादक फक्त पुढचे ठोके कसे असावेत याची सूचना वेळेत पोहोचवतो.

ती सूचना अमलात कधी येते, हे प्रत्येक साधनात वेगळे असते, आणि साधनाचा स्वभाव याच ठिकाणी कळतो. सोनिक पायमध्ये लाइव्ह लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या तुकड्यात, केलेला बदल त्या लूपची चालू फेरी संपल्यावर, पुढच्या फेरीपासून लागू होतो. लूप सोळा मात्रांचा असेल आणि तुम्ही दुसऱ्या मात्रेवर बदल केलात, तर उरलेल्या मात्रा तुम्हाला वाट पाहावी लागते. टायडलसायकल्स, थोडक्यात टायडल, या दुसऱ्या साधनात याच्या उलट आहे. तेथे पॅटर्न म्हणजे काळाचे फलन असते, कोणत्याही क्षणी काय वाजावे हे तो सांगू शकतो, त्यामुळे आवर्तनाच्या मध्यावर नवा पॅटर्न दिला तर तो आपल्या मध्यापासूनच ऐकू येतो. लय मोडत नाही, पण वाक्य अर्ध्यावरून सुरू होते. मला स्वतःला टायडलची ही पद्धत जास्त भावते, कारण ती वादकाला सम कानांत धरून ठेवायला लावते. दोन बोटे कळांवर ठेवून, ओठांनी मात्रा मोजत, समेच्या किंचित आधी कळ दाबायची. ही शारीरिक क्रिया आहे, आणि ती चुकते तेव्हा साथीदाराने समेला चुकीचा ठोका दिल्यासारखे वाटते.

टायडलसायकल्सबद्दल थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण या कलेचा विचार त्यात सर्वांत उघडपणे दिसतो. ॲलेक्स मॅक्लीन यांनी ते २००९ च्या सुमारास हॅस्केल या भाषेत रचायला सुरुवात केली. त्यात मूळ एकक मात्रा नसून आवर्तन आहे. अवतरणचिन्हांत दोन ध्वनींची नावे लिहिली, तर आवर्तनाचे दोन समान भाग होतात. तिसरे नाव जोडले की तेच आवर्तन तीन भागांत वाटले जाते, आवर्तनाची लांबी तीच राहते. एखाद्या जागी चौकोनी कंस घालून त्यात दोन नावे ठेवली, तर त्या एका भागाचे पुन्हा दोन तुकडे होतात, आणि कंसात कंस घालत हवे तितके खोल जाता येते. टोकदार कंसात लिहिलेल्या नावांपैकी दर आवर्तनाला एकेक नाव पाळीपाळीने वाजते. मूळ वेग सेकंदाला ०.५६२५ आवर्तने असतो. एका आवर्तनात चार मात्रा धरल्या, तर तो मिनिटाला १३५ मात्रा भरतो. काही अक्षरे आणि दोन प्रकारचे कंस एवढ्यावर गुंतागुंतीची लयकारी उभी राहते, आणि मंचावर ही काटकसर फार मोलाची ठरते, कारण जितके कमी टंकन तितके जास्त ऐकणे.

या कंसांचा उगम तबल्याशी जोडलेला आहे, हे अनेकांना माहीत नसते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस संगणकशास्त्रज्ञ बर्नार्ड बेल आणि संगीत-मानवशास्त्रज्ञ जेम्स किपेन यांनी बोल प्रोसेसर नावाचा प्रोग्राम घडवला. किपेन लखनौ घराण्याचे उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते, आणि कायदा या तबल्यातल्या रचनाप्रकाराचा विस्तार ज्या अलिखित नियमांनी होतो ते नियम व्याकरणाच्या रूपात मांडता येतील का, हा त्यांचा शोध होता. संगणक त्या व्याकरणावरून पलटे, म्हणजे मूळ रचनेची बदललेली रूपे, तयार करी, जाणकार वादक त्यांतला कोणता ग्राह्य व कोणता अग्राह्य ते सांगत, आणि त्यानुसार व्याकरण सुधारले जाई. या प्रोग्रामच्या पुढच्या आवृत्तीत अनेक लयी एकत्र मांडण्याची जी लिपी होती, तिच्यावरून टायडलची कंसांची लिपी स्फुरली. माझ्या मते लाइव्ह कोडिंग समजावून सांगायला कायद्याहून नेमका शब्द सापडणार नाही. वादक आधी थोडे बोल घेऊन एक रचना मांडतो, मग त्याच बोलांत राहून तिची उलटापालट करतो, आणि ऐकणाऱ्याला मूळ रचना आठवत असते म्हणून प्रत्येक पलटा त्याला नवा आणि तरीही ओळखीचा वाटतो. पडद्यावरच्या कोडच्या पहिल्या ओळीने नेमका हाच करार श्रोत्यांशी केलेला असतो.

पलटे करण्यासाठी जी फंक्शने हाताशी असतात त्यांतली काही सांगते. दर चौथे आवर्तन उलटे वाजवा, डाव्या कानात मूळ आणि उजव्या कानात उलटा पॅटर्न ठेवा, पॅटर्नची एक प्रत आवर्तनाच्या आठव्या भागाइतकी उशिरा वाजवून तिच्यावर वरचा स्वर चढवा, अशा सूचना एका ओळीत लिहिता येतात आणि एकमेकींत गुंफता येतात. माझ्या आवडीची सूचना मात्र युक्लिडची आहे. कंसात तीन आणि आठ हे दोन आकडे दिले की आठ जागांवर तीन ठोके शक्य तितक्या समान अंतराने वाटले जातात. पहिल्या, चौथ्या आणि सातव्या जागेवर ते पडतात, आणि क्युबातल्या संगीतात ट्रेसिलो म्हणून ओळखला जाणारा ठेका तयार होतो. पाच आणि आठ दिले तर सिंकिओ हा तिथलाच दुसरा ठेका मिळतो. ठोके असे वाटण्याची रीत ब्योर्कलुंड यांनी न्यूट्रॉन स्रोताच्या यंत्रातल्या वेळेच्या नियोजनासाठी मांडली होती. गॉडफ्रीड तूसाँ यांनी २००५ मध्ये दाखवून दिले की तिचे मूळ दोन संख्यांचा महत्तम सामाईक विभाजक काढण्याच्या युक्लिडच्या पद्धतीशी जुळते, आणि जगातले अनेक पारंपरिक ठेके तिच्यातून बाहेर पडतात. मंचावर तीनचे पाच करायला एक कळ पुरते, पण त्या एका कळीने नाचणाऱ्यांचे पाय बदलतात. हे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिले तेव्हा ही कला सोडायची नाही असे मी ठरवले.

यादृच्छिकतेविषयीचा एक गैरसमजही येथेच दूर करते. अनेकांना वाटते की संगणक वाटेल ते स्वर निवडतो आणि कलाकार फक्त पाहत बसतो. सोनिक पायमधली यादृच्छिक निवड बीजसंख्येवर, म्हणजे निवडीला सुरुवात करून देणाऱ्या आकड्यावर, अवलंबून असते, आणि बीज तेच राहिले तर निवडही अक्षरशः तीच राहते. टायडलमध्ये ती आवर्तनाच्या क्रमांकावरून ठरते. त्यामुळे वादक बीज बदलत बदलत कानाला रुचणारी सुरावट शोधतो, आणि दर आठ मात्रांनी बीज पुन्हा तेच करून त्या सुरावटीला पुनरावृत्ती देतो. पुनरावृत्ती झाली की कान तिला चाल मानू लागतो. निवड यंत्राने सुचवली असली तरी ती ठेवावी की टाकावी हा निर्णय वादकाचा असतो, आणि हा निर्णय घेणारा कान तयार व्हायला कोणत्याही वाद्याला लागतो तितकाच काळ लागतो.

आता वादकाच्या डोक्यात काय चालते त्याकडे येते, कारण तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर तेथे आहे. तो एकाच वेळी दोन काळांत असतो. कानांना आत्ता वाजणारे ऐकू येत असते, आणि बोटे अजून न वाजलेले लिहीत असतात. माझ्या बाबतीत एखादी कल्पना सुचण्यापासून ती ऐकू येईपर्यंत साधारण वीस ते चाळीस सेकंद जातात. तेवढ्या काळात संगीत पुढे सरकलेले असते, त्यामुळे कल्पना सुचली तेव्हाच्या संगीताला शोभणारी ओळ लिहून भागत नाही, ती पूर्ण होईल तेव्हाच्या संगीताला शोभावी लागते. कित्येकदा मी एक ओळ पूर्ण लिहिते, तोवर वाजत असलेले ऐकते, आणि ती ओळ चालू न करता पुसून टाकते. प्रेक्षकांना ते पडद्यावर दिसते, आणि ते दिसावे असे मला वाटते. या वीस-चाळीस सेकंदांत जे आत्ता वाजत आहे ते कंटाळवाणे होऊ नये ही दुसरी जबाबदारी असते. म्हणून अनुभवी वादक बदलांचे दोन थर ठेवतात. आकडा बदलणे, म्हणजे फिल्टर (आवाजाचा काही भाग अडवणारी चाळणी) उघडणे, वेग दुप्पट करणे, एक ठोका वाढवणे, हे दोन सेकंदांचे काम असते. नवी रचना लिहिणे हे अर्ध्या मिनिटाचे काम असते. मोठ्या कामाच्या मध्येच उठून एखादे छोटे काम करून यायचे आणि पुन्हा अपुऱ्या ओळीकडे परतायचे, असे हे विणकाम चालते. शिकणाऱ्यांत मला सर्वाधिक दिसणारा दोष म्हणजे कान बंद करून लिहीत बसणे. लिहिणे इतके एकाग्र करणारे असते की दोन मिनिटे तोच ठेका वाजत राहिला याचे भान उरत नाही.

आधी तयार केलेले असते का, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की प्रत्येकाचे प्रमाण वेगळे असते. काही जण आवाजांची व्याख्या घरी लिहून आणतात आणि मंचावर फक्त पॅटर्न रचतात, काही जण संपूर्ण फाइल आणून तिच्यात फेरफार करतात, तर काही जण कोऱ्या पडद्यापासून सुरू करतात. मेक्सिको सिटीतल्या कलाकारांनी कोऱ्या पडद्यापासून बरोबर नऊ मिनिटांत एक सादरीकरण पूर्ण करण्याची रीत रुजवली, आणि मी ती शिकणाऱ्यांना आवर्जून करायला लावते, कारण नऊ मिनिटांत कोणती कल्पना पेलते आणि कोणती नाही याचा अंदाज तिच्याइतका दुसऱ्या कशाने येत नाही. पण कोरा पडदा हाच शुद्ध आणि बाकी सारे भेसळ, ही भूमिका मला मान्य नाही. घरी घडवलेला आवाज मंचावर आणणे हे जुळवून आणलेले वाद्य मंचावर आणण्यासारखेच आहे. आक्षेप घ्यायचा तर तो पडद्यावर चाललेल्या टंकनाचा आवाजाशी काही संबंधच नसेल तेव्हा घ्यावा.

पडदा दाखवण्याचा आग्रह याच शंकेतून आला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस लॅपटॉपवर संगीत सादर करणारे कलाकार पडद्यामागे नेमके काय करत आहेत हे कोणालाच कळत नसे. त्याआधीही काळाच्या पुढे धावलेली माणसे होती. कॅलिफोर्नियात लीग ऑफ ऑटोमॅटिक म्युझिक कंपोझर्स हा गट १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात छोटे संगणक एकमेकांना जोडून वाजवत असे, आणि रॉन कुइव्हिला यांनी १९८५ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये फोर्थ या भाषेतला कोड मंचावर बदलत सादरीकरण केले होते. लंडनमध्ये ॲड्रियन वॉर्ड आणि ॲलेक्स मॅक्लीन यांच्या स्लब या गटाने २००० पासून स्वतः लिहिलेले प्रोग्राम पडद्यावर दाखवत वाजवायला सुरुवात केली. मग २००४ च्या फेब्रुवारीत हॅम्बुर्गमध्ये जमलेल्या कलाकारांनी टॉपलॅप ही संघटना स्थापली, आणि पडदे दाखवा, वादकाच्या मनापर्यंत आम्हाला पोहोचू द्या, अशी मागणी आपल्या जाहीरनाम्यात केली. त्याच जाहीरनाम्यात असेही म्हटले आहे की दाद देण्यासाठी श्रोत्यांना कोड समजलाच पाहिजे असे नाही, जसे गिटारवादन पाहण्यासाठी गिटार वाजवता यावी लागत नाही. माझा अनुभव याला दुजोरा देतो. कोड न कळणारा माणूसही ओळ लिहिली जाताना, अडखळताना, पुसली जाताना पाहतो, आणि ती चालू झाल्यावर आवाजात झालेला बदल तिच्याशी जोडतो. वादकाचा हेतू आवाजाच्या आधी दिसणे, ही या मंचाची खास देणगी आहे.

२०१२ मध्ये लंडनपासून अल्गोरेव्ह नावाचे नाचाचे कार्यक्रम सुरू झाले आणि ही कला प्रयोगशाळेतून बाहेर पडली. ब्रिटनमधल्या १९९४ च्या एका कायद्याने रेव्ह पार्ट्यांच्या, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या नाचाच्या मेळाव्यांच्या, संगीताची व्याख्या पुनरावृत्त ठोक्यांची मालिका अशी केली होती, आणि अल्गोरेव्हच्या प्रवर्तकांनी त्या वाक्यात ठोक्यांच्या जागी प्रोग्रामिंगमधली सशर्त विधाने घालून आपली व्याख्या बनवली. नाचणारा समुदाय हा फार कडक परीक्षक असतो. बैठकीत लोक सभ्यपणे ऐकून घेतात, पण ठेका ढासळला की नाचणारे क्षणात थांबतात. कुठल्याही शिक्षकाहून अधिक मला त्यांनी शिकवले.

तुम्ही सुरुवात कुठून करावी, याचे माझे उत्तर स्ट्रुडेल असे आहे. २०२२ मध्ये ॲलेक्स मॅक्लीन आणि फेलिक्स रूस यांनी टायडलची कल्पना जावास्क्रिप्टमध्ये आणली, आणि ती थेट ब्राउझरमध्ये चालते. काहीही स्थापित करावे लागत नाही, आणि वाजत असलेला शब्द पडद्यावर उजळतो, त्यामुळे डोळा आणि कान यांची सांगड पहिल्याच दिवशी बसते. मूळ टायडलसाठी हॅस्केल, सुपरकोलायडर आणि त्यावर चालणारा, टायडलचे ध्वनी वाजवणारा सुपरडर्ट हा भाग एवढे सारे बसवावे लागते, आणि माझे कितीतरी विद्यार्थी पहिला ठोका ऐकू येण्याआधीच थकून गेले. पायथन येते म्हणून फॉक्सडॉटकडे वळावेसे वाटेल. रायन कर्कब्राइड यांचे हे साधन सुंदर आहे, आणि त्याचे पुढचे काम रेनार्डो या नावाने चालू आहे. तरीही भाषेच्या ओळखीवरून साधन निवडू नये असे माझे मत आहे, कारण मंचावर लागणारे प्रोग्रामिंग फार थोडे असते आणि लयीची मांडणी फार मोठी असते. आवाज मुळापासून घडवण्याची ओढ लागली की सुपरकोलायडरकडे जावे, त्याआधी नाही. दृश्यांकडे ओढा असेल तर ऑलिव्हिया जॅक यांचे हायड्रा आहे, तेही ब्राउझरमध्येच चालते.

रियाजाबद्दल माझा आग्रह एवढाच की पहिले दोन महिने शब्दसंग्रह जाणीवपूर्वक तोकडा ठेवावा. तीन ध्वनी, तीन फंक्शने, आणि रोज कोऱ्या पडद्यापासून दहा मिनिटे. रोजचे वादन ध्वनिमुद्रित करावे आणि दुसऱ्या दिवशी पडदा न पाहता ऐकावे. कोड दिसत असताना आपण लिहिलेले आपल्याला बुद्धिमान वाटते, पण नुसते ऐकताना कळते की चौथ्या मिनिटापासून काहीच घडले नव्हते. कोरा पडदा आणि शांत सभागृह यांचा पहिला मिनिट सर्वांत जड असतो. त्यासाठी ठोक्याने सुरुवात न करता एक लांब, हळू बदलणारा स्वर आधी सोडावा. तो वाजत असताना पुढचे लिहायला उसंत मिळते, आणि श्रोत्यांनाही कानांची जुळवाजुळव करता येते. तुमच्या कीबोर्डचा उपयोगही येथे आहे. स्वरसंगती बोटांनी शोधून काढा आणि मग ती अक्षरांत उतरवा, कारण कानाला रुचणारा स्वरसमूह टंकनातून शोधणे फार संथ असते.

मी वर ज्या धोक्याच्या चुकीचा उल्लेख केला ती आता सांगते. पातळी ०.२ लिहायची होती, घाईत दशांश चिन्ह सुटले आणि २ पडले. व्याकरण निर्दोष होते, त्यामुळे कोणी हटकले नाही, आणि दहापट मोठा आवाज, म्हणजे वीस डेसिबलची झेप, एका छोट्या सभागृहातल्या चाळीस माणसांच्या कानांवर आदळला. पुढच्या ओळीतल्या एका मुलाने कान दाबून धरलेले मला आजही दिसतात. त्या दिवसापासून माझ्या ध्वनिमार्गाच्या शेवटी लिमिटर, म्हणजे आवाज ठरावीक पातळीपलीकडे जाऊ न देणारा प्रोग्राम, असतोच, तो ध्वनियंत्रणेवाल्याच्या भरवशावर न सोडता माझ्या स्वतःच्या संगणकात असतो, आणि फिल्टरचा अनुनाद वाढवणारा आकडा मी कधीही दोनदा वाचल्याशिवाय चालू करत नाही. सगळे एकदम थांबवणारी सूचना बोटांत इतकी भिनलेली असावी की विचार न करता दाबली जावी. टायडलमध्ये तिचे नाव हश आहे. हा मजकूर वाचून तुम्ही एकच गोष्ट लगेच करणार असाल, तर लिमिटर लावा.

दुसऱ्यासोबत वाजवण्याची घाई करू नका, पण ते टाळूही नका. एबलटन लिंक ही व्यवस्था एकाच नेटवर्कवरच्या संगणकांची लय आपोआप जुळवते, आणि सोनिक पाय व टायडल दोन्ही तिच्याशी जोडता येतात. लय जुळली तरी संवाद जुळतोच असे नाही. दोन लाइव्ह कोडर एकत्र आले की दोघेही जागा भरत सुटतात, कारण कोणाचाच श्वास संपत नाही आणि कोणाचाच हात दुखत नाही. बासरीवादकाला श्वासासाठी थांबावेच लागते, आपल्याला थांबणे लिहावे लागते. मी साथीदाराबरोबर वाजवताना एक साधा नियम पाळते. नवी ओळ चालू करायची असेल तर आपली एक जुनी ओळ आधी काढायची.

शेवट कसा करावा हे मात्र कोणी शिकवत नाही, म्हणून थोडे लिहिते. प्रक्रिया आपणहून संपत नाही, त्यामुळे नवखा वादक एक तर फार लांबवतो किंवा सगळे एकदम कापून टाकतो. मी शेवटच्या तीन मिनिटांत एकही नवी ओळ लिहीत नाही. ज्या क्रमाने ओळी आल्या त्याच्या उलट क्रमाने त्या एकेक करून थांबवते, प्रत्येक थांबवण्याआधी किमान चार आवर्तने जाऊ देते, म्हणजे उरलेल्या आवाजात मोकळी झालेली जागा ऐकू येते. सर्वांत शेवटी सुरुवातीचा लांब स्वर एकटा उरतो. त्याच्या घुमाऱ्याची लांबी वाढवते, स्वर देणारी ओळ थांबवते, आणि घुमारा विरेपर्यंत कळांवरून हात काढून ठेवते. पडद्यावरचा कोड मी पुसत नाही. कार्यक्रमानंतर काही जण पुढे येऊन तो वाचतात, एखाद्या ओळीवर बोट ठेवून हीच ती होती का असे विचारतात, आणि बहुतेकदा त्यांनी बरोबर ओळखलेले असते.